एमएस आणि लघवीचा त्रास

श्रोतेहो, नमस्कार. मल्टिपल स्क्लेरोसिस, म्हणजे एमएस, हा मेंदू आणि मज्जारज्जूतल्या चेतातंतूंचा आजार. तो झालेली माणसं पायातली ताकद गेल्याचं सांगतात, नजर धूसर झाल्याचं सांगतात. लघवीचं मात्र सांगत नाहीत. बाई सकाळचा चहासुद्धा टाळून ऑफिस गाठते, दिवसभर घोट-दोन घोट पाण्यावर काढते, आणि घरच्यांना वाटतं, हिला तहानच लागत नाही.

पाणी तोडू नका, ही माझी कळकळीची विनंती. लघवी दाट झाली की मूत्राशय आणखी चिडतं, बद्धकोष्ठ होतो, जंतुसंसर्गाला आयतं निमंत्रण मिळतं. एमएसमध्ये असा संसर्ग होऊन थोडा ताप चढला, तरी पाय एकाएकी जड पडतात. आजारानंच उचल खाल्ली असं वाटून घरात घबराट होते. अशा वेळी आधी लघवी तपासून घ्या.

मूत्राशय भरल्याचा निरोप मज्जारज्जूतून मेंदूकडे जातो आणि 'थांब' किंवा 'सोड' हा हुकूम त्याच वाटेनं खाली येतो. एमएसमध्ये या वाटेवरच्या चेतातंतूंचं आवरण खराब होतं. मग कुणाचं मूत्राशय थोडं भरताच आवळतं आणि संडासाची कडी लावेपर्यंत कपडे ओले होतात. कुणाचं मूत्राशय आवळतं, पण तोंडाशी असलेला स्नायू सैलच पडत नाही. धार तुटक येते, बरीच लघवी आत राहते. पुष्कळांना दोन्ही त्रास असतात.

म्हणून शेजारणीला लागू पडलेली गोळी परस्पर घेऊ नका. ऑक्सिब्युटिनिन, सोलिफेनासिन यांनी मूत्राशय सैलावतं. आधीच लघवी साठत असेल, तर ती आणखी तुंबेल. लघवी करून आल्याबरोबर सोनोग्राफी केली की आत किती उरली ते कळतं. जरासुद्धा दुखत नाही.

बरीच उरत असेल, तर पातळ नळी स्वतः घालून मूत्राशय रिकामं करायला शिकवतात. नुसतं ऐकूनच माणसं घाबरतात. पण अमेरिकेतल्या मिशिगनमध्ये डॉ. जॅक लॅपिडिस यांनी १९७२ सालीच दाखवून दिलं, की यासाठी ऑपरेशन थिएटरसारखी निर्जंतुक व्यवस्था लागत नाही. हात आणि नळी स्वच्छ हवी. काम झालं की नळी काढून टाकायची. मूत्राशयाचं आवळणं गोळ्यांनी आवरलं नाही, तर त्याच्या स्नायूत तो सैल करणारी बोटॉक्सची इंजेक्शनं देतात. त्यांचा गुण काही महिने टिकतो.

पुढच्या तपासणीआधी तीन दिवस वहीत लिहा: किती वाजता गेलात, मापाच्या भांड्यात किती भरली, कधी गळली. डॉक्टरांनी विचारलं नाही, तर वही तुम्हीच त्यांच्यासमोर ठेवा.