पाठीकडून बघायचं पान

(पडद्यावर: लाकडी टेबल. जाड, किंचित पिवळसर छापील पान. दोन हात ते उचलून पालथं करतात.)

चित्र वरच्या बाजूला आहे आणि काका बघतायत पाठीमागे.

सांगलीच्या गावभागातलं हे घर. काकांचा जन्म छापखान्यात गेला. आधी खिळे, म्हणजे शिशाची सुटी अक्षरं, जुळवले, मग ट्रेडल, म्हणजे पायानं चालवायचं छपाईयंत्र, चालवलं, आणि ऑफसेट आल्यावर तेच ट्रेडल भंगारवाल्याच्या टेंपोत चढवलं. त्यानंतर कधीतरी हा नाद लागला. युरोपातल्या अगदी सुरुवातीच्या छापील पुस्तकांची, लाकडी ठशांनी चित्रं छापलेली सुटी पानं जमवायची. "चित्र काय, कोणीही बघतंय," काका म्हणतात. "छपाई बघायची तर पाठ बघा."

(पडद्यावर: तिरक्या उजेडात पानाची मागची बाजू.)

बोट फिरवलं की कळतं. ठशाच्या रेघा कागदात रुतल्यात आणि मागे त्यांचा उठाव आलाय. लाकडी ठसा कोरायचा म्हणजे रेघ सोडून बाकीचं लाकूड काढून टाकायचं. उरलेल्या रेघेवर शाई बसते. ठशाची उंची खिळ्यांएवढी ठेवली की चित्र आणि मजकूर एकाच चौकटीत आवळून एकाच दाबात छापता येतात. तांब्याच्या कोरीव पत्र्याचं तसं नाही. त्याची शाई खोल कोरलेल्या रेघेत असते, म्हणून त्याला वेगळा दाब आणि वेगळा प्रेस लागतो. पहिल्या शंभर वर्षांत पुस्तकातली चित्रं बहुतेक लाकडावरच का कोरली, याचं मोठं कारण हे.

हे पान 1493 सालचं आहे, जर्मनीतल्या न्यूर्नबर्गचं. हार्टमान शेडेल नावाच्या वैद्यानं जगाच्या उत्पत्तीपासूनचा इतिहास लिहिला आणि अँटोन कोबर्गरनं तो छापला. चित्रं मिखाएल वोल्गेमुट आणि विल्हेल्म प्लायडेनवुर्फ यांच्या कारखान्यातली. पुढे जगभर नाव झालेला चित्रकार ड्यूरर याच वोल्गेमुटच्या हाताखाली शिकला. पुस्तक आधी लॅटिनमध्ये निघालं, त्याच वर्षी जर्मनमध्येही. सुटं पान कुठल्या आवृत्तीचं, ते माथ्यावरच समजतं. 'फोलिउम' असेल तर लॅटिन, 'ब्लाट' असेल तर जर्मन.

पुस्तकात चित्रं 1809, आणि ठसे 645. म्हणजे एकच राजा तीनदा वेगळ्या नावानं येतो. एकाच शहराचं चित्र पानं उलटली की दुसऱ्या शहराचं होतं. कलेच्या अभ्यासकांना हे खटकतं, काकांना अजिबात नाही. "आमच्याकडं गणपतीचा एक ब्लॉक होता. सगळ्या लग्नपत्रिकांवर तोच. कुणी विचारलं का, आमचा गणपती वेगळा कुठाय म्हणून?"

कोबर्गरच्या पुस्तकाची छोट्या आकाराची, स्वस्त, चोरटी आवृत्ती ऑग्सबुर्गच्या एका छापखानदारानं 1496 सालीच काढली. हे सांगताना काका मनापासून हसतात. धंदा तेव्हाही असाच होता.

(पडद्यावर: भिंगाखाली रेघ. रेघेत बारीक पांढरा ठिपका.)

हा पांढरा ठिपका आणि शेजारचं हे भोक. दोन्ही किडीचं काम, पण वेगवेगळ्या किडीचं. ठिपका पडला कारण कीड ठशाच्या लाकडाला लागली होती आणि तेवढी जागा शाई न घेता राहिली. भोक पुढचं, पुस्तक कपाटात गेल्यावरचं. काकांना हा ठिपका चित्रापेक्षा जास्त आवडतो, आणि खरं सांगायचं तर तो बघितल्यावर आम्हालाही.

भिंग लागतं ते नकला ओळखायलाही. रेघेऐवजी हाफटोनचे, म्हणजे फोटोवरून केलेल्या आधुनिक छपाईचे, बारीक ठिपके दिसले की विषय संपला. मग पान उजेडासमोर धरायचं. चिंध्यांच्या हातकागदात साच्याच्या तारांच्या खुणा दिसतात. रंगांचं प्रकरण जास्त अवघड. काही प्रती त्याच काळात हातानं रंगवल्या गेल्या, पण रंगीत पानाला भाव जास्त म्हणून कालपरवा रंगवलेलीही पुष्कळ फिरतात. जुना हिरवा बहुतेक तांब्यापासून केलेला. तो कागद खातो, आणि पाठीमागे तपकिरी डाग उमटतो. म्हणजे पुन्हा पाठ बघणं आलंच.

काकांना हवंसं एक पान मात्र अजून परवडलेलं नाही. गुजरातच्या सुलतानाकडून पोर्तुगीजांना मिळालेला एक गेंडा 1515 मध्ये लिस्बनला उतरला. ड्यूररनं तो डोळ्यांनी न बघता, नुसत्या वर्णनावरून आणि कुणाच्या तरी रेखाटनावरून लाकडावर उतरवला. खांद्यावर एक जादा शिंग दिलं. झुरिकच्या गेस्नरनं 1551 मध्ये आपल्या प्राणिग्रंथात तोच गेंडा शिंगासकट घेतला. आपल्याकडचा गेंडा, म्हणून काकांचा त्याच्यावर हक्क असल्यासारखा जीव आहे.

(पडद्यावर: आयर्विन पूल, कृष्णेचं पात्र.)

सांगलीत कागद सांभाळायचा म्हणजे आयर्विन पुलापाशी कृष्णेच्या पुराची पातळी पाठ हवी. 2019 च्या ऑगस्टमध्ये ती 57 फुटांच्या वर गेली. त्यामुळे संग्रह माडीवर. पानं आम्लरहित पुठ्ठ्यात, वरच्या कडेला गव्हाच्या खळीनं चिकटवलेली जपानी कागदाची पट्टी. सेलोटेप आणि लॅमिनेशनचं नाव काढलेलं काकांना खपत नाही. कसर लागू नये म्हणून पेटीत वेखंड, पण पानाला न लागेल असं.

आता अवघड प्रश्न. सुटं पान येतं कुठून? कुणीतरी पुस्तक फाडल्याशिवाय नाही. तीनशेच्या वर पानं एकेक करून विकली की अख्ख्या पुस्तकापेक्षा जास्त पैसे होतात. न्यूयॉर्कच्या गेब्रिएल वेल्स या विक्रेत्यानं तर गुटेनबर्गच्या बायबलाची एक अपुरी प्रत 1921 मध्ये सुटी करून विकली. काका नव्यानं फोडलेल्या पुस्तकाचं पान घेत नाहीत, असं ते म्हणतात. विक्रेत्याच्या शब्दापलीकडे याची खात्री कशी करायची, या आमच्या प्रश्नावर ते थोडे चिडले. उत्तर पटण्यासारखं आलं नाही.

मग आम्ही मिरजेचा विषय काढला. नाना फडणविसांच्या काळात पुण्यात एक तांबट अक्षरं कोरायला शिकला होता. नाना गेल्यावर तो मिरजेला गंगाधरराव पटवर्धनांच्या आश्रयाला आला, आणि 1805 मध्ये त्याच्या तांब्याच्या पत्र्यांवरून भगवद्गीता छापली गेली. इथून दहाएक किलोमीटरवर. काका, त्या गीतेचं एखादं सुटं पान कुणी विकायला आणलं, तर घ्याल?

"आधी त्याला बसवून चहा देईन," काका म्हणाले, "आणि बाकीची गीता कुठाय ते काढून घेईन."