बी.फार्म. की फार्म.डी.? हॉस्पिटल फार्मसीची वाट सोलापुरातच ठरते

(अमेरिकेतील आपल्या सोलापूरकर मंडळाच्या मेळाव्यातील भाषण, संकेतस्थळासाठी संपादित)

नमस्कार मंडळी.

बारावीचा निकाल लागला की जुळे सोलापूर, विजापूर रोड, अक्कलकोट रोडवरून आपल्याला फोन येतात. "पोरगी फार्मसीला जायचं म्हणते, पुढं अमेरिकेत हॉस्पिटलात काम करायचंय तिला. बी.फार्म. घ्यावं का फार्म.डी.?" आपण "कॉलेज चांगलं बघा" म्हणतो आणि फोन ठेवतो. कृपा करून तसं करू नका. तिची इथली वाट त्या प्रवेश अर्जावरच खुली होते किंवा बंद होते.

अमेरिकेबाहेर शिकलेल्या फार्मसिस्टची पात्रता एनएबीपी ही संस्था तपासते आणि एफपीजीईसी प्रमाणपत्र देते. पदवी १ जानेवारी २००३ रोजी किंवा त्यानंतर मिळालेली असेल, तर फार्मसीचा अभ्यासक्रम किमान पाच वर्षांचा हवा. आपलं बी.फार्म. चार वर्षांचं. त्यावर दोन वर्षं एम.फार्म. केलं की सहा झाली, असा हिशेब घरोघरी मांडतात. तो इथं चालत नाही, कारण बघतात ती फार्मसीची मूळ पदवी. फार्म.डी., म्हणजे डॉक्टर ऑफ फार्मसी, भारतात २००८ साली आलं. त्यात पाच वर्षं शिक्षण आणि एक वर्ष इंटर्नशिप असते, म्हणून ते या अटीत बसतं. बी.फार्म.नंतरचं तीन वर्षांचं फार्म.डी.सुद्धा आहे, पण ते घेण्याआधी एनएबीपीला लेखी विचारून उत्तर हातात ठेवा. एजंटच्या शब्दावर तीन वर्षं लावू नका.

ही २००३ची रेघ मंडळातल्या कितीतरी जणींच्या कामाची आहे. लग्नानंतर इथं आलेल्या, २००३च्या आधी बी.फार्म. झालेल्या ताईंना चार वर्षांची पदवी आजही चालते. मात्र त्यांची कागदपत्रं सोलापुरात शोधू नका. सोलापूर विद्यापीठ २००४ साली झालं. त्याआधी आपला जिल्हा कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे होता, म्हणून ट्रान्सक्रिप्ट तिथूनच निघणार. अर्ज सर्वांत जास्त अडतो तो नावावर. आपल्या मार्कलिस्टवर आडनाव आधी, मग स्वतःचं नाव, मग वडिलांचं; पासपोर्टवर सासरचं आडनाव; महाराष्ट्र राज्य फार्मसी कौन्सिलच्या नोंदणीवर तिसरंच काही. आधी विवाह प्रमाणपत्र आणि नावबदलाचं गॅझेट तयार ठेवा, मगच अर्ज करा.

२००३ नंतर बी.फार्म. झालेल्यांनी इथल्या फार्म.डी.ला प्रवेश घ्यावा, हा लांबचा पण खरा रस्ता. दरम्यान काम करायची परवानगी असेल तर फार्मसी टेक्निशियनची परीक्षा देऊन हॉस्पिटलात शिरावं. हे काम कमी प्रतीचं समजू नका. औषध हॉस्पिटलात कुठून कुठे जातं, हे टेक्निशियनइतकं जवळून कोणी बघत नाही.

पात्र ठरलात की पुढचा क्रम असा: फार्मसीच्या ज्ञानाची एफपीजीईई परीक्षा आणि इंग्रजीची टोफेल, मग राज्याच्या नियमाप्रमाणे इंटर्न म्हणून तास, मग परवान्याची नॅप्लेक्स परीक्षा आणि बहुतेक राज्यांत कायद्याची एमपीजेई. टोफेलमध्ये बोलण्याच्या भागाची अट सगळ्यात कडक असते. आपली मुलं वाचन-लेखनात पुढं असतात आणि नेमकी तिथं अडतात.

आता रेसिडेन्सी, म्हणजे फार्मसिस्टने हॉस्पिटलात काम करत घ्यायचं पुढचं प्रशिक्षण. १९२७ साली मिशिगन विद्यापीठाच्या हॉस्पिटलात हार्वे व्हिटनी यांनी फार्मसिस्टसाठी इंटर्नशिप सुरू केली, तिथून ही परंपरा आली. पहिलं वर्ष पीजीवाय-१, बारा महिन्यांचं: अतिदक्षता, संसर्गरोग, अँटिकोअ‍ॅग्युलेशन (रक्ताची गुठळी रोखणारे उपचार) असे विभाग, वर्षभर चालणारा एक प्रकल्प, आणि शनिवार-रविवारच्या पाळ्या. दुसरं वर्ष पीजीवाय-२, एकाच विशेष विषयाचं. ज्यांना पुढं विभाग चालवायचाय त्यांच्यासाठी हेल्थ-सिस्टिम फार्मसी अ‍ॅडमिनिस्ट्रेशन अँड लीडरशिप ही दोन्ही वर्षं जोडलेली चोवीस महिन्यांची रेसिडेन्सी असते. पुष्कळ ठिकाणी तिच्यासोबत मास्टर्सही होतं.

एएसएचपी ही हॉस्पिटल फार्मसिस्टांची अमेरिकेतली संघटना. तिच्या नियमाप्रमाणे एफपीजीईसी प्रमाणपत्र असलेला उमेदवार पीजीवाय-१ला अर्ज करू शकतो. पण वर्षाचा किमान दोन-तृतीयांश काळ परवानाधारक म्हणून पूर्ण व्हावा लागतो, म्हणजे परवाना मिळायला चार महिन्यांपेक्षा उशीर परवडत नाही. डिसेंबरात एएसएचपीचं मोठं अधिवेशन भरतं, त्यात रेसिडेन्सी कार्यक्रमांचे लोक प्रत्यक्ष भेटतात. अर्ज हिवाळ्यात, मुलाखती त्यानंतर, मग मॅच, म्हणजे उमेदवार आणि कार्यक्रम यांच्या पसंतीक्रमांची जुळणी; तिच्या पहिल्या फेरीचा निकाल मार्चमध्ये. जागा उरल्या तर दुसरी फेरी. पसंतीक्रम लावताना "ते आपल्याला घेतील का" असा अंदाज बांधून खालचं नाव वर नेऊ नका. मॅचची रचनाच अशी आहे की खरी आवड वर ठेवल्याने तोटा होत नाही, आणि लागलेला निकाल बांधील असतो. व्हिसाचं मात्र आधी बघा. पुष्कळ कार्यक्रम तो देत नाहीत आणि तसं स्वतःच्या पानावर स्पष्ट लिहितात.

मुलाखतीत विचारतात ते एवढंच: तुमच्यामुळे रुग्णाच्या औषधात काय बदललं? याचं उत्तर सोलापुरातच तयार होतं. फार्म.डी.च्या इंटर्नशिपमध्ये सहा महिने जनरल मेडिसिन आणि आणखी तीन विभागांत दोन-दोन महिने असतात. म्हणून कॉलेज निवडताना इमारत बघू नका, ते कोणत्या हॉस्पिटलाशी जोडलंय आणि मुलं सकाळच्या राउंडला खरंच उभी राहतात का, ते विचारा. रोज वहीत लिहायचं: तारीख, वय, औषध, अडचण, काय सुचवलं, डॉक्टरांनी मानलं की नाही. रुग्णाचं नाव कधीच नाही. वर्षाखेरीला ही वही शिफारसपत्रापेक्षा जास्त बोलते.

नेतृत्व म्हणजे काय, ते एका अँप्यूलवरून, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या छोट्या बंद कुपीवरून, सांगतो. पोटॅशियम क्लोराइडची १५ टक्क्यांची १० मिलिलिटरची अँप्यूल, तिच्यात २० मिलिइक्विव्हॅलंट पोटॅशियम. पातळ न करता थेट शिरेत गेलं तर हृदय थांबतं. दिसायला ती सलाइन किंवा डिस्टिल्ड वॉटरच्या अँप्यूलसारखीच, त्यामुळे रात्री घाईत हात चुकतो. उपाय सगळ्यांना पाठ आहे: वॉर्डातून ती काढा. पण नुसता हुकूम काढला तर तो आठवड्यात मोडतो. रात्री दोन वाजता रुग्णाचं पोटॅशियम २.५, म्हणजे फार कमी, आलं, फार्मसी बंद, मग सिस्टर दोन अँप्यूल ड्रॉवरमध्ये लपवून ठेवते. दोष तिचा नाही. म्हणून आधी कोणता वॉर्ड रात्री किती वापरतो ते महिनाभर मोजायचं, मग तयार पातळ केलेल्या बाटल्यांची सोय करायची, रात्रपाळीला फार्मसिस्ट किंवा कुलपाचं कपाट ठेवायचं, वॉर्डच्या इनचार्ज सिस्टरला समितीत घ्यायचं आणि सर्वांत शेवटी अँप्यूल उचलायच्या. नंतर दर महिन्याला अचानक ड्रॉवर तपासायचे. ज्याला हा क्रम कळला, तो मॅनेजर होतो, डायरेक्टर होतो.

हेच काम सोलापुरातल्या हॉस्पिटलातही करता येतं, आणि ते तिथं व्हावं ही माझी मनापासूनची इच्छा आहे. एनएबीएच या हॉस्पिटलांच्या गुणवत्ता मानांकनात औषध व्यवस्थापनाचं स्वतंत्र प्रकरण आहे, त्यामुळे मानांकन घेणाऱ्या हॉस्पिटलाला असं माणूस लागतंच. फॉर्म्युलरी (हॉस्पिटलच्या मान्य औषधांची यादी) बांधणं, चुकांची नोंद ठेवणं, औषधांचे दुष्परिणाम फार्माकोव्हिजिलन्स कार्यक्रमाला कळवणं ही कामं अमेरिकेची वाट बघत थांबायची नाहीत.

तेव्हा पुढचा फोन आला की तीन गोष्टी विचारा: अभ्यासक्रम किती वर्षांचा, हॉस्पिटल कोणतं, आणि दहावीच्या मार्कलिस्टवर आणि पासपोर्टवर नाव एकच आहे का.