उरलेले तिकीट कधी विकावे?

२०२३ च्या विश्वचषकातील उपांत्य सामन्यांची तिकिटे १५ सप्टेंबरला विक्रीला आली, तेव्हा त्यांत कोण खेळणार हे कुणालाच माहीत नव्हते. ठरले होते ते एवढेच की, भारत उपांत्य फेरीत पोचला तर मुंबईत वानखेडेवर खेळेल. मात्र समोर पाकिस्तान आला, तर सामना कोलकात्याला ईडन गार्डन्सवर होईल. परभणी, जालना, नांदेडकडची मित्रमंडळी अशा वेळी मिळतील तितकी तिकिटे काढून ठेवतात आणि त्यांतले एखादे हमखास उरते. कुणाला रजा मिळत नाही, कुणाच्या घरी कार्य निघते. त्या वर्षी तर सामन्याचा दिवस, १५ नोव्हेंबर, नेमका भाऊबीजेचा होता. बहीण माहेरी येणार असताना भावाने मुंबई गाठायची कशी?

९ नोव्हेंबरला बंगळुरूत न्यूझीलंडने श्रीलंकेविरुद्ध १७२ धावांचे लक्ष्य २३.२ षटकांत गाठले. त्यामुळे भारतासमोर पाकिस्तान येण्याची शक्यता जवळपास संपली आणि वानखेडेवर भारताचा सामना होणार हे जवळपास नक्की झाले. कागदावर उरलेली शंका ११ तारखेला ईडनवरच मिटली. इंग्लंडच्या ३३७ धावांनंतर, धावगतीत न्यूझीलंडला मागे टाकायचे तर पाकिस्तानला विजयाचे लक्ष्य ६.४ षटकांत गाठणे भाग होते, आणि ते अशक्यच होते. ज्या तिकिटाला आठवडाभरापूर्वी गिऱ्हाईक शोधावे लागले असते, त्याची मागणी अशा वेळी एकदम वाढते, आणि आणखी दोन दिवस थांबलो तर चार पैसे जास्त मिळतील, हा मोहही तेव्हाच पडतो.

हा हिशेब मुंबईत राहणाऱ्याला कदाचित परवडेल, मराठवाड्यातल्या माणसाला परवडत नाही. त्या स्पर्धेत प्रवेशासाठी छापील तिकीटच लागत होते, म्हणजे ते घेणाऱ्याच्या हातात पोचायला हवे होते. शिवाय दिवाळीच्या गर्दीत त्याला आरक्षणही मिळायला हवे होते. सामना दुपारी दोनचा, आणि देवगिरी एक्सप्रेस आदल्या रात्री आपला मुलूख सोडून सकाळी मुंबईला पोचते. म्हणून इथल्या तिकिटाची मुदत नाणेफेकीला नव्हे, गाडी सुटते तेव्हाच संपते.

चर्चगेटला उतरून मैदानाबाहेर तिकीट विकू, हा विचारही धोक्याचा आहे. अनोळखी माणसाच्या हातातले तिकीट खरे की खोटे, हे घेणाऱ्याला रस्त्यावर उभ्या उभ्या कळत नाही; आणि चढ्या भावाने विकणारा पोलिसांच्या दृष्टीने काळाबाजारवालाच ठरतो. याच सामन्याच्या तोंडावर मुंबई पोलिसांनी तशी अटकही केली होती. तिकिटाच्या अटी सहसा परवानगीशिवाय पुनर्विक्री करू देत नाहीत, तेव्हा त्या आधी वाचाव्यात आणि आयोजकांनी अधिकृत सोय दिली असेल, तर तिचाच वापर करावा. विम्बल्डनला लवकर घरी निघणाऱ्यांनी परत केलेली तिकिटे १९५४ पासून रांगेतल्या लोकांना पुन्हा विकली जातात आणि तो पैसा धर्मादाय कामाला जातो. अशी खिडकी आपल्या मैदानांवरही असावी, असे मनापासून वाटते.

अटींत बसत असेल, तर सामना नक्की झाला त्याच रात्री गावातल्या ओळखीच्या माणसाला विचारावे, खरेदीची पावती दाखवावी आणि मूळ किमतीलाच तिकीट द्यावे. १४ तारखेच्या संध्याकाळपर्यंत घेणारा मिळाला नाही, तर किमतीचा विचारही सोडावा आणि गल्लीत टेनिस चेंडूवर खेळणाऱ्या एखाद्या पोराला आपल्याबरोबर गाडीत बसवावे. दुसऱ्या दिवशी त्या खुर्चीवरून विराट कोहलीचे पन्नासावे एकदिवसीय शतक आणि मोहम्मद शमीचे सात बळी पाहायला मिळणार होते.