नहपानाचं नाणं, गौतमीपुत्राचा ठसा : घरबसल्या नाणकशास्त्र

[पडद्यावर : जोगलटेंभी, गोदावरी आणि दारणेचा संगम]

1906 साली नाशिक जिल्ह्यातल्या जोगलटेंभी या गावी चांदीच्या नाण्यांचा साठा सापडला. 13,250 हून अधिक नाणी. सगळी नहपानाची, म्हणजे क्षहरात घराण्यातल्या त्या शक क्षत्रपाची (क्षत्रप म्हणजे प्रांताचा सत्ताधीश), ज्याची सत्ता गुजरातच्या किनाऱ्यापासून थेट जुन्नरपर्यंत पोचली होती. पण त्यातल्या नऊ हजारांवर नाण्यांवर नहपानाच्या चेहऱ्यावरूनच दुसऱ्या राजाचा ठसा मारलेला होता. तो राजा म्हणजे सातवाहन घराण्यातला गौतमीपुत्र सातकर्णी.

[पडद्यावर : पुन्हा ठसा मारलेलं एक नाणं, पुढची बाजू]

नाणं जरा जवळून बघूया. वजन जेमतेम दोन ग्रॅम. आपल्या आजच्या एक रुपयाच्या नाण्यापेक्षाही लहान. मूळ नाण्यावर राजाचं मस्तक आहे आणि त्याच्या भोवती ग्रीक अक्षरं. भाषा मात्र ग्रीक नाही, आपल्याकडचाच मजकूर ग्रीक लिपीत बसवलाय. मागच्या बाजूला बाण आणि वज्र. त्यांच्या कडेने ब्राह्मी आणि खरोष्ठीत तोच मजकूर : 'राज्ञो क्षहरातस नहपानस', म्हणजे 'क्षहरात राजा नहपानाचं'. एवढ्याशा चांदीवर तीन लिप्या!

आता दुसरा ठसा. तीन कमानींचा डोंगर, त्याखाली नागमोडी रेघ. मागे उज्जैन चिन्ह, म्हणजे अधिकाच्या चार टोकांना चार वर्तुळं. आणि ब्राह्मीत गौतमीपुत्राचं नाव. टांकसाळीतल्या माणसाने जुना चेहरा सरळ आहे की उलटा, हे पाहिलेलं दिसत नाही. त्यामुळे डोंगराच्या कमानीतून कुठे नहपानाचं नाक डोकावतं, कुठे कान, कुठे ग्रीक अक्षरांची शेपटी.

[पडद्यावर : पांडवलेणी, लेणी क्रमांक 3 आणि 10]

हीच गोष्ट नाशिकच्या पांडवलेण्यांत दगडावर कोरलेली आहे. लेणी क्रमांक 3 मध्ये गौतमीपुत्राची आई, गौतमी बलश्री, आपल्या मुलाला क्षहरात वंशाचा निःशेष नाश करणारा म्हणते. त्याच डोंगरात लेणी क्रमांक 10 मध्ये नहपानाचा जावई उषवदात आपल्या दानाचा हिशोब देतो. भिक्षूंसाठी 3,000 कार्षापण कायमची ठेव म्हणून ठेवले. 2,000 विणकरांच्या एका श्रेणीकडे, म्हणजे व्यावसायिक संघाकडे, दरमहा शेकडा एक व्याजाने. 1,000 दुसऱ्या श्रेणीकडे, शेकडा पाऊण व्याजाने. पुढे सोन्याचा भावही दिलाय : 35 कार्षापणांना एक 'सुवर्ण', म्हणजे सोन्याचं नाणं. लेखातले कार्षापण म्हणजे ही चांदीची नाणी, असं बरेच अभ्यासक मानतात. मला तर हे नाणं बघताना आधी तो विणकर आठवतो, ज्याच्या श्रेणीने ही रक्कम सांभाळली.

[पडद्यावर : मुंबईच्या टाऊन हॉलच्या पायऱ्या, मग संगणकाचा पडदा]

जोगलटेंभीच्या साठ्याचा पहिला सविस्तर अभ्यास एच. आर. स्कॉट यांनी केला. तो रॉयल एशियाटिक सोसायटीच्या मुंबई शाखेच्या नियतकालिकात छापून आला. वर्षानुवर्षं तो वाचायचा तर मुंबई गाठायची, नाहीतर एखाद्या विद्यापीठाच्या ग्रंथालयात ओळख काढायची. परभणीच्या किंवा चंद्रपूरच्या संग्राहकाला हे कुठून जमणार? मग हाती उरायचं ते विक्रेत्याने सांगितलेलं, किंवा कुणा जुन्या संग्राहकाने तोंडी शिकवलेलं. पिढ्यान् पिढ्या आपलं नाणकशास्त्र असं कानोकानी चाललं.

आज ते जुने खंड इंटरनेट अर्काइव्हवर फुकट वाचता येतात. ब्रिटिश म्युझियमसाठी रॅपसन यांनी 1908 मध्ये केलेली सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांच्या नाण्यांची सूचीही तिथेच आहे. अनेक संशोधने तिच्या पुढे गेली असली, तरी सुरुवात तिच्यापासूनच करावी. मागे छायाचित्रांचे पट्ट आहेत, ते छापून घ्या आणि टेबलावर ठेवा. मुंबईच्या एशियाटिक सोसायटीनेही 'ग्रंथसंजीवनी' या नावाने आपला जुना ठेवा डिजिटल केला आहे. 1910 मध्ये अलाहाबादला स्थापन झालेल्या न्युमिस्मॅटिक सोसायटी ऑफ इंडियाच्या नियतकालिकाचे जुने खंडही शोधले की सापडतात.

या खंडांत काय दडलंय, त्याचा एक दाखला विदर्भातला. 1939 मध्ये मंगरूळपीरजवळ तऱ्हाळा इथे सातवाहनांच्या पोटीन नाण्यांचा मोठा साठा मिळाला. वा. वि. मिराशींनी तो वाचला. त्यातून कुंभ सातकर्णी, कर्ण सातकर्णी अशी राजांची नावं पुढे आली, जी पुराणांच्या वंशावळींत नाहीत. तांब्या-शिशाच्या मिश्रणाची ती काळपट नाणी नसती, तर हे राजे आपल्याला ठाऊकच झाले नसते.

[पडद्यावर : संग्रहालयांच्या डेटाबेसमधली नाणी, एकाशेजारी एक]

वाचनाइतकंच महत्त्वाचं आहे बघणं. न्यूयॉर्कची अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटी 1858 पासूनची. तिच्या संग्रहातल्या लाखो वस्तूंच्या नोंदी 'मँटिस' या डेटाबेसमध्ये आहेत. ब्रिटिश म्युझियमचा संग्रहही असाच खुला आहे. 'झेनो' हा प्राच्य नाण्यांचा डेटाबेस तर संग्राहकांनीच उभा केलाय. कुणी फोटो टाकतो, दुसरा कुणी वाचन सुचवतो, तिसरा ते दुरुस्त करतो.

नहपान असं नाव टाकून शोधा आणि चेहरे शेजारी शेजारी लावा. एका नाण्यावर भरल्या गालांचा तरुण, दुसऱ्यावर गाल बसलेला म्हातारा, तिसऱ्यावर तिसरंच नाक. हे सगळे चेहरे एकाच माणसाचे कसे, हा वाद शंभर वर्षांहून जुना आहे. पूर्वी तो मोजक्या तज्ज्ञांपुरता होता. आता कुणीही बसून साचे, म्हणजे नाण्यावर ठसा मारायचे छाप, जुळवू शकतो : दोन नाण्यांवरची अक्षरं, केसांची वळणं, साच्याला गेलेली चीर तंतोतंत सारखी असेल, तर दोन्ही एकाच साच्यातून निघाली. किती साचे वापरले गेले हे मोजलं, की टांकसाळ किती चालली याचा अंदाज बांधता येतो. काम डोळे शिणवणारं आहे, पण त्याला पदवी लागत नाही, चिकाटी लागते. आणि चिकाटी आपल्या संग्राहकांकडे भरपूर आहे.

[पडद्यावर : रात्रीची खोली, पडद्यावर व्याख्यान सुरू]

मग व्याख्यानं. 2020 मध्ये टाळेबंदी लागली, सभागृहं बंद झाली, तेव्हा अमेरिकन न्युमिस्मॅटिक सोसायटीने 'लाँग टेबल' नावाने ऑनलाइन गप्पा सुरू केल्या. इतर संस्थाही झूमवर आल्या. न्यूयॉर्कला दुपारी एक वाजता व्याख्यान असेल, तर आपल्याकडे रात्रीचे साडेदहा वाजलेले असतात, हिवाळ्यात साडेअकरा. जागरण परवडत नसेल तर यूट्यूबवर अनेक व्याख्यानं नंतर बघता येतात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठातलं न्यूमन पोर्टलही अशी चित्रफितींची मोठी साठवण आहे. त्याचा भर अमेरिकन नाण्यांवर, त्यामुळे नहपान तिथे फारसा भेटणार नाही. पण नाण्याचा फोटो कसा काढावा, बनावट कसं ओळखावं, हे कुठल्याही देशाच्या नाण्यावरून शिकता येतं. आपल्या नाण्यांसाठी 1970 पासून काम करणाऱ्या ओरिएंटल न्युमिस्मॅटिक सोसायटीचे अंक अधिक जवळचे.

व्याख्यान ऐकताना शेवटची प्रश्नोत्तरं सोडू नका, माझ्या मते खरं शिक्षण तिथेच होतं. भाषणात वक्ता निष्कर्ष सांगतो. एखाद्याने खोचून विचारलं की मग कळतं, त्या निष्कर्षाखाली पुरावा किती आणि तर्क किती.

पण सगळंच पडद्यावर येत नाही, आणि पडद्यावरचं सगळं खरंही नसतं. विक्रेत्याने फोटोखाली लिहिलेली ओळ हा पुरावा नव्हे. क्षत्रपांच्या चांदीच्या नकली नाण्यांचा बाजारात सुळसुळाट आहे. अनेक नकली नाणी ठसा मारून नव्हे, तर वितळलेला धातू साच्यात ओतून केलेली असतात. त्यांची अक्षरं साबणासारखी गुळगुळीत, पृष्ठभागावर बारीक छिद्रं, आणि कधी कडेला जोडाची रेघ. त्याहून सोपी खूण म्हणजे दोन 'वेगवेगळ्या' नाण्यांवर एकच ओरखडा, एकच ठेच, अगदी त्याच जागी. हे ओळखायला जुन्या लिलावांचे फोटो फार उपयोगी पडतात. एसी-सर्च या संकेतस्थळावर ते विनामूल्य पाहता येतात. शंका आली, तर नाशिकपासून जवळच अंजनेरीला परमेश्वरीलाल गुप्त आणि के. के. माहेश्वरी यांनी उभी केलेली नाणकशास्त्राची संशोधन संस्था आहे. प्रत्यक्ष नाणं आणि जाणता डोळा यांना तोड नाही.

[पडद्यावर : तराजू, कॅलिपर, नोंदवही]

एवढं सगळं फुकट मिळतं, तर आपणही त्यात भर घालायला हवी. तुमच्याकडे पुन्हा ठसा मारलेलं एकच नाणं असेल, तरी त्याची नोंद करा. वजन ग्रॅमच्या दोन दशांश स्थळांपर्यंत. व्यास. दोन्ही बाजूंचे फोटो, उजेड एका कडेने पाडून, म्हणजे खालचा जुना ठसा उठून दिसेल. आणि सगळ्यात मोलाचं : नाणं कुठून आलं. कुणाच्या आजोबांच्या पेटीतून, कुठल्या बाजारातून, कुठल्या साली. ही माहिती एकदा तुटली की नाण्याचा निम्मा इतिहास गेला, तो कुठल्याही डेटाबेसमधून परत मिळत नाही.

शेतात नांगरताना किंवा घराचा पाया खोदताना नाणी निघाली, तर ती वाटून घेऊ नका, सोनाराकडे तर मुळीच नेऊ नका. 1878 च्या निखात निधी कायद्यानुसार दहा रुपयांपेक्षा जास्त मोलाचं असं धन सापडलं, तर जिल्हाधिकाऱ्यांना कळवावं लागतं. नाणी ज्या मडक्यात असतील त्याचा फोटो काढा, जागा नोंदवा, नाणी धुऊ नका. मातीसकट तशीच ठेवा. नाणं मडक्यात वर होतं की तळाशी, त्याच्याशेजारी काय होतं, हे त्या मातीवरूनच सांगता येतं.