चांदणी : पाठीवर बसायच्या आधीचं सगळं

माण तालुका, जिल्हा सातारा. म्हसवडच्या पुढं माळावर बाभळीचे काटे लावून केलेली ही मोकळी जागा, आणि आत ही जी कान टवकारून उभी आहे ती चांदणी, आमच्या या फिल्ममधलं घोडीचं शिंगरू. वय दीड वर्ष. कपाळावरच्या पांढऱ्या ठिपक्यावरून नाव पडलंय. जात भीमथडी, म्हणजे भीमा-नीरेच्या खोऱ्यातलं आपलं दख्खनी तट्टू, अंगानं लहान, हाडानं काटक. कर्नालच्या राष्ट्रीय पशु आनुवंशिक संसाधन ब्युरोकडं या घोड्याची स्वतंत्र जात म्हणून नोंद अगदी अलीकडं झालीय, पण धनगराच्या वाड्यावर, म्हणजे मेंढरांमागं फिरणाऱ्या तळावर, त्याला कधी कागद लागला नाही. दिवाळीनंतर मेंढरं चाऱ्यामागं निघाली की भांडीकुंडी, अंथरुणं, कोंबड्या, नुकतं जन्मलेलं कोकरू, चालून दमलेलं पोरगं, सगळं याच्याच पाठीवर.

चांदणीच्या पाठीवर मात्र आज काही नाही आणि अजून बराच काळ नसणार.

आता चांदणीला शिकवणाऱ्या आबांकडं बघा. ते तिच्याकडं पाठ करून उभे आहेत, हात खाली, आणि काहीच करत नाहीयेत. हा शॉट आम्ही मुद्दाम लांब ठेवलाय, कारण खरं काम हेच आहे आणि ते कुणाला दिसत नाही. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी, त्याच्याकडं कुणी सरळ नजर लावून, छाती समोर करून चालत आलं की त्याच्या लेखी तो शिकारीच. त्याचे डोळे डोक्याच्या दोन बाजूंना असतात, मान न हलवता जवळजवळ ३५० अंशातलं दिसतं, आंधळ्या जागा दोनच, बरोबर कपाळासमोर आणि बरोबर शेपटीमागं. म्हणजे आपण लाडानं सरळ तोंडाकडं हात नेतो तेव्हा तो हात जवळ आल्यावर त्याला दिसेनासाच होतो, मग मान झटकली की आपण म्हणतो घोडं खोडील आहे. आबा तिरके जातात, खांद्याच्या बाजूनं.

हे बघा, एक पाऊल आली. अजून एक. नाक लांब करून सदऱ्याचा वास घेतला, फुरफुरली, मागं सरकली. आबा हलले नाहीत. कुंपणाजवळ त्यांची नात उभी आहे, नववीत शिकते, तिचा हात आपोआप पुढं गेला तर आबा एवढंच म्हणाले, "घाई करू नगं बाय. तिला येऊ दी."

पहिला हात कुठं लागतो ते नीट बघा. मानेच्या मुळाशी, आयाळ संपते आणि पाठ सुरू होते तिथं. घोडी एकमेकांना दातांनी खाजवतात ती हीच जागा, इथं खाजवलं की घोड्याच्या हृदयाचे ठोके खरंच कमी होतात, हे मोजून बघितलेलं आहे. आणि चांदणीचा वरचा ओठ बघा कसा लांब व्हायला लागलाय! पण त्याहून महत्त्वाचं पुढं आहे. आबांनी हात काढून घेतला, ती बाजूला होण्याआधीच काढून घेतला. ती सरकल्यावर हात काढला असता तर ती शिकली असती की सरकलं की माणूस जातो. आता ती शिकली की उभं राहिलं तरी माणूस आपला आपण जातो. मग हेच सगळं दुसऱ्या बाजूनं पहिल्यापासून, कारण डाव्या बाजूनं सवय झाली म्हणून उजवीकडनं बुजणार नाही असं नसतं. गूळ हातानं भरवायचा नाही, हेही आबांचं पक्कं आहे, शिंगराला हाताला दात लावायची सवय तिथनंच लागते. गूळ पाटीत, घासाच्या चाऱ्याबरोबर.

मोरकी, म्हणजे तोंडाभोवती बांधायचा दोर, ती सुती, मऊ. ती चढवून लगेच खुंट्याला बांधायचं नाही, या वयात जोरात मागं ओढलं तर कोवळ्या मानेला इजा होते. दोर हातात. आता इथं आवाज नाही, फक्त दोराकडं बघा. आबांनी थोडासा ताण दिलाय आणि तसाच धरलाय, वाढवत नाहीत, सोडतही नाहीत, चांदणी मागं रेटतेय, मान वर करतेय, आबा तिच्याबरोबर एक पाऊल जातात पण ताण तेवढाच, आणि हा पाय पुढं आला, दोर ढिला! त्याच क्षणी. घोडं ओढल्यामुळं शिकत नाही, सुटल्यामुळं शिकतं, सगळं शिक्षण त्या सोडण्याच्या वेळेत आहे. तिनं झटका दिल्यावर दोर सोडला तर ती झटका द्यायलाच शिकणार. आबांच्या बोटांना ही वेळ बरोबर कळते. आता नातीच्या हातात दोर दिलाय, तिला थोडा उशीर होतो, आबा नुसतं "सोड" म्हणतात.

यानंतरचा धडा बघणाऱ्याला साधा वाटतो. खांद्यामागं उभं राहून बोटांनी बरगडीच्या मागं हलकं दाबायचं आणि ती मागचा एक पाय दुसऱ्याच्या पुढून आडवा टाकते. टाकला की बोटं बाजूला. घोड्याची सगळी ताकद मागच्या पायांत, ते पाय आडवे पडले की उधळायचा जोरच जातो, उद्या रस्त्यावर एसटीनं हॉर्न मारला तर हाच धडा कामाला येणार. मग खुरं. खांद्यापासून हात खाली सरकवत नेऊन गुडघ्याखालच्या मागच्या शिरेला चिमटीत दाबलं की पाय उचलते, क्षणभर धरायचा आणि तिनं हिसकायच्या आत आपणच खाली ठेवायचा. खताची रिकामी गोणी, छत्री, पत्र्याचा डबा, सगळं असंच दाखवायचं, मागं घ्यायचं, परत दाखवायचं. एका वेळेला पंधरा-वीस मिनिटं, त्याच्यावर नाही. नीट जमलं की तिथंच थांबून तिला आईकडं सोडतात.

दुसरी पद्धत सगळ्यांना माहीत आहे. दोर टाकून पाडायचं, दमेपर्यंत मारायचं, दोन वर्षाच्या आत पाठीवर बसायचं, आणि वरातीत नाचवायचं असेल तर तोंडात काटेरी लगाम, ज्याच्यावर ओझ्याच्या जनावरांसाठीच्या १९६५ च्या नियमांनी बंदी आहे. अशी घोडी लवकर कामाला लागतात आणि लवकर लंगडतात. पुढच्या गुडघ्याच्या वरचं हाड दोन-अडीच वर्षांपर्यंत वाढत असतं, पाठीचे मणके तर पाच-साडेपाच वर्षांपर्यंत, त्यामुळं आबा खोगीर तिसरं वर्ष सरल्याशिवाय बाहेर काढत नाहीत आणि पूर्ण वजन त्याच्याही पुढं.

शेवटचं शूटिंग जनावरांच्या डॉक्टरांचं. धनुर्वाताचं इंजेक्शन. घोड्याला हा रोग फार पटकन होतो, एखादा खिळा किंवा काटा पुरतो, म्हणून लस चुकवायची नाही. एरवी वरच्या ओठाला दोरी पिळून चार माणसं लागतात. इथं नातीनं मोरकी धरलीय, आबा आयाळीखाली खाजवतायत, डॉक्टर खांद्याच्या बाजूनं आले. सुई गेली तेव्हा चांदणीचं कातडं थरथरलं, कान मागं गेले आणि परत पुढं आले. पाय हलला नाही.

यंदा वाडा निघेल तेव्हा ती आईबरोबर रिकामी चालणार आहे. दोर नातीच्या हातात असेल, निदान शाळेला सुट्टी आहे तोवर, आणि पुढं आबांच्या.