नऊपैकी पाच

टेबलावर उघडलेल्या या पुस्तकात, म्हणजे अमेरिकन मानसोपचार संघटनेच्या निदानसंहितेत, नैराश्याची 9 लक्षणे दिलेली आहेत. त्यांपैकी किमान 5 लक्षणे दोन आठवडे टिकली आणि त्यांत उदासी किंवा कशातच रस न वाटणे यांपैकी एक तरी असले, तर नैराश्याचे निदान करता येते. 4 असली, तर नाही. चिंताविकारांसाठी पुस्तकात वेगळे प्रकरण आहे. ही विभागणी मुख्यतः दवाखान्यात आलेल्या रुग्णांवरून ठरली, आणि अडचण तिथेच आहे. ज्याला दोन्ही त्रास आहेत, तो डॉक्टरकडे जाण्याची शक्यता अधिक. मग हे आजार मुळातच जोडीने येतात की जोडीने येणारेच दवाखान्यापर्यंत पोहोचतात, हे दवाखान्यात बसून कळत नाही.

त्यासाठी घरोघर जावे लागते. 1997 साली ऑस्ट्रेलियाच्या सांख्यिकी विभागाचे प्रश्नकर्ते लॅपटॉप घेऊन असेच दारोदार गेले. ते मनोविकारतज्ज्ञ नव्हते. समोर आलेला प्रश्न जसाच्या तसा वाचायचा, पदरचा शब्द घालायचा नाही, उत्तर नोंदवायचे आणि पुढे काय विचारायचे ते यंत्रावर सोडायचे, अशी शिस्त होती. ऐकायला हे कोरडे वाटते खरे. परंतु 10,641 प्रौढांची उत्तरे एकमेकांशी ताडून पाहायची, तर प्रत्येकाला एकाच शब्दांत विचारणे भाग होते. या पद्धतीत एक उणीव राहतेच: सुरुवातीच्या चाळणी-प्रश्नांना ‘नाही’ म्हणणाऱ्याला उरलेली लक्षणे विचारली जात नाहीत.

आधीच्या 12 महिन्यांत मनोविकार असल्याचे आढळलेल्यांपैकी 38 टक्के लोकांनीच त्यासाठी आरोग्यसेवा घेतली होती. उरलेले 62 टक्के कोणत्याही दवाखान्याच्या नोंदवहीत सापडले नसते.

टिम स्लेड आणि डेव्हिड वॉटसन या संशोधकांनी 2006 मध्ये याच माहितीचे विश्लेषण केले, तेव्हा कोणते विकार एकाच माणसात वारंवार एकत्र येतात यावरून त्यांचे गट पडले. समाजभय, म्हणजे लोकांसमोर जाण्याची तीव्र भीती, आणि घबराटीचे झटके भयाच्या गटात गेले. पण कशाचीही सतत काळजी करत राहण्याचा विकार, ज्याला सर्वव्यापी चिंताविकार म्हणतात, तो त्यांच्याजवळ न जाता नैराश्याशेजारी येऊन बसला.

निदानसंहितेच्या 2013 च्या आवृत्तीत नैराश्याच्या निदानाला ‘चिंताग्रस्ततेसह’ अशी पुस्ती जोडण्याची सोय झाली; सर्वव्यापी चिंताविकार मात्र चिंतेच्याच प्रकरणात राहिला.