कॅबरेचा निवेदक आधी शोधा

मंडळी, पत्रिकेवर आजचा विषय छापलाय, 'छोट्या ग्रुपनं एका विषयावरचा कॅबरे कसा बसवावा'. हॉल, खर्च, परवाने, तालमी, सगळ्याबद्दल बोलणार आहे. कॅबरे म्हणजे गाणी, नाच, नकला यांचे तुकडे निवेदकानं एकत्र बांधलेला, जवळून बघायचा छोटेखानी प्रयोग. पण त्याआधी एक गोष्ट मांडू द्या, कारण ती मी भेटेल त्याला सांगत असते. गाणी ठरवण्याआधी निवेदक ठरवा. आपल्याकडे बरोबर उलटं चालतं. आधी गाणी ठरतात, दोन नाच ठरतात, एक नकलाकार मिळतो आणि प्रयोग तोंडावर आला की कुणाला तरी आठवतं, अरे, निवेदन कोण करणार? मग शुद्ध बोलणाऱ्या एखाद्या ओळखीच्या माणसाला गाठायचं, त्याच्या हातात कागद द्यायचा. तो 'यानंतर सादर होत आहे' म्हणतो, दिवे जातात, दिवे येतात. ऑर्केस्ट्रा म्हणून प्रयोग छान होतो. कॅबरे मात्र होत नाही.

पॅरिसच्या मोंमार्त्र भागात 1881 साली रोदोल्फ सालीसनं 'ल शा न्वार' नावाचं कॅबरे काढलं. त्या जागेची ओढ पियानोइतकीच सालीसची होती. येणाऱ्या गिऱ्हाइकाला तो राजेरजवाड्यांच्या थाटात मोठमोठ्या पदव्या लावून हाका मारायचा, त्यांची टर उडवायचा, आणि माणसं त्यासाठी पुन्हा यायची. पुढे 1901 साली बर्लिन आणि म्युनिकमध्ये हे लोण पोचलं. 1916 च्या फेब्रुवारीत, महायुद्ध चालू असताना, ह्यूगो बाल आणि एमी हेनिंग्ज यांनी झुरिकमधल्या एका लहानशा खाणावळवजा जागेत 'कॅबरे व्होल्टेर' सुरू केलं. जागा लहान, पैसा नाही, कलावंत मिळतील तसे. आपल्या स्थितीपेक्षा फार वेगळं नाही ना?

आणि हे आपल्याला परकंही नाही. तमाशात गण झाला, गवळण झाली, बतावणी झाली, मग वग. या सगळ्याला बांधून ठेवतो तो सोंगाड्या. आपल्याच बेळगाव जिल्ह्यातल्या कुलगोडच्या तम्मण्णांनी नावारूपाला आणलेलं श्रीकृष्ण पारिजात हे कन्नड लोकनाट्य घ्या. त्यात भागवत, म्हणजे सूत्रधार, आणि दूती यांची जुगलबंदी ऐकायला माणसं रात्र जागवतात. कथा सगळ्यांना पाठ असते. मजा त्या दोघांच्या बोलण्यात असते. इथे बसलेल्या कन्नड मित्रांनी मान डोलावली, बरं वाटलं.

आता निपाणीची गोष्ट. आम्ही 'तंबाखू' हा विषय घेतला. वखारी, दलाल, बिडीकामगार बायका, तपकीर ओढणारे आजोबा, सगळं त्यात येत होतं. नाट्यपदांच्या चालींवर नवी गाणी लिहिली, दलाल आणि शेतकऱ्याची मराठी-कन्नड बतावणी बसवली. तालमीत एकेक तुकडा चांगला होता, पण एकापुढे एक ठेवले की विस्कटायचे. निवेदनाला आमच्यातली सगळ्यात हजरजबाबी मुलगी होती. तरीही गाडी रुळावर येईना.

मग निपाणीच्या एक आजी तालमीला आल्या. हयात बिडी वळण्यात गेलेली. आम्ही त्यांना बोलावलं होतं ते मुलीला बिडी वळायला शिकवायला, एका छोट्या प्रवेशापुरतं. त्यांनी मांडीवर सूप घेतलं. भिजवलेलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कात्रीनं कापलं, चिमूटभर जर्दा पसरला, बोटांनी वळलं, दोरा गुंडाळला, तोंड मुडपलं. हे करताना त्या घरच्या, शेजारच्या, मुकादमाच्या गोष्टी सांगत होत्या. नजर आमच्याकडे, हात सुपात. आमच्या मुलीनं करायला घेतलं आणि बोलायला लागली की तिचा हात थांबायचा. आजी म्हणाल्या, "पोरी, त्वांड चालव की, पर हात थांबवू नगंस. हात थांबला की मजुरी थांबली." बिडीची मजुरी हजारी मोजतात, हे तुम्हाला ठाऊक आहेच.

त्याच रात्री आम्ही निवेदन पुन्हा लिहिलं. निवेदिका कामगार बाई झाली. रंगमंचाच्या डाव्या कोपऱ्यात सूप घेऊन बसायची आणि सुरुवातीपासून वळत राहायची. गाणं चालू असलं तरी तिचा हात चालू. दोन तुकड्यांच्या मध्ये ती बोलायची, तेही वळता वळता. खऱ्या जर्द्याचा वास पुढच्या रांगांपर्यंत जायचा. बिड्यांचा ढीग वाढत जायचा आणि प्रेक्षकाला वेळ दिसायचा, घड्याळ न बघता. तिचा हात पूर्ण प्रयोगात एकदाच थांबायचा. 1981 च्या तंबाखू आंदोलनात शेतकरी पुणे-बेंगळूर महामार्गावर ठाण मांडून बसले आणि शेवटी गोळीबारात माणसं गेली, त्या जागी. तिथे गाणं ठेवलं नाही, शब्दही फारसे नव्हते. नुसता तो हात थांबला. पहिल्या प्रयोगाला त्या क्षणी पाठच्या बाजूला एक बाई हुंदका देऊन रडल्या. त्या हॉलमध्ये त्या दिवसांची आठवण असलेली माणसं बसली होती. मंडळी, विषय असा हाताला लागला पाहिजे. बॅनरवर लिहून तो येत नाही.

हॉलचंही बोलते, कारण ते मनात साचलंय. हे प्रकरण जवळून बघायचं आहे. साठ-सत्तर माणसं, मध्ये टेबलं, कलावंत प्रेक्षकातून चालत जाणार. आपल्या भागात मोठी रंगमंदिरं आहेत, त्यांचा मला अभिमान आहे, पण त्यांच्या खुर्च्या जमिनीला ठोकलेल्या. म्हणून एका मंगल कार्यालयाची जागा घेतली. नाव घेत नाही. भाडं पूर्ण दिवसाचं घेतलं, जनरेटरचं वेगळं, झाडलोटीचं वेगळं. बरं, दिलं. बतावणी रंगात आलेली, लोक वन्स मोअर देत होते, आणि दहाच्या ठोक्याला व्यवस्थापकांनी मेन स्विच पाडला. का, तर दहानंतर स्पीकर बंदी. मंडळी, ध्वनिप्रदूषणाचे नियम 2000 सालचे आहेत. रात्री दहा ते सकाळी सहा लाउडस्पीकरला बंदी आहे, पण सभागृहासारख्या बंद जागेत, आतल्या आत, त्याला सूट त्याच नियमात लिहिलेली आहे. आवाज बाहेर जाऊ द्यायचा नाही, एवढं सांभाळायचं. कुणी वाचतच नाही हो! आमच्या मुलांनी अंधारात, मोबाइलच्या उजेडात, माइकशिवाय शेवट केला आणि प्रेक्षक जागचे हलले नाहीत. पण त्यांना तसं करावं लागलं याचा राग मला आजही आहे. नियमाची छापील प्रत घेऊन जात जा आणि बुकिंगच्याच दिवशी दाखवा.

अध्यक्षांनी चिठ्ठी पाठवली आहे, दहा मिनिटं उरलीत. बाकीचं झरझर सांगते.

तारीख चातुर्मासातली धरा. लग्नं नसतात, कार्यालयं रिकामी असतात, भाडं उतरतं. आणि बँडवाले मोकळे असतात. एक क्लॅरिनेट, एक ट्रम्पेट, एक साइड ड्रम, सोबत पेटी, यापेक्षा चांगला कॅबरेचा ताफा मला तरी माहीत नाही. बेळगावचा पाऊस गृहीत धरून पत्र्याचं छत असलेली जागा टाळा, शब्द ऐकू येत नाहीत.

गाण्यांचं. कवी आणि संगीतकार दोघांनाही जाऊन साठ वर्षं उलटली असतील तर ती रचना मोकळी. आपल्या जिल्ह्यातल्या गुर्लहोसूरचे नाटककार अण्णासाहेब किर्लोस्कर 1885 साली गेले, गोविंद बल्लाळ देवल 1916 साली. त्यांची पदं निर्धास्त घ्या, चालीवर नवे शब्द बसवा. सिनेमाची गाणी गाणार असाल तर आयपीआरएसचा, म्हणजे गीतकार-संगीतकारांचे हक्क सांभाळणाऱ्या संस्थेचा, परवाना काढा. तयार ट्रॅक वाजवलात तर ध्वनिमुद्रणाचे हक्क आणखी वेगळे.

तिकीट माणशी पाचशे रुपयांपर्यंत ठेवलंत तर त्यावर जीएसटी नाही. जाहिरात मराठी-कन्नड दोन्हीत करा. निवेदकाला दोन्ही भाषा यायलाच हव्यात, इथला प्रेक्षक एका वाक्यात दोन्ही बोलतो.

तुकडा चार मिनिटांच्या वर नको. क्रम लावताना दोन गाणी लागून ठेवू नका. पहिल्या तालमीपासून निवेदक हजर पाहिजे, आणि त्याला विषयातलं एक काम हातात द्या. विणकर असेल तर कांडी भरू दे, मिठाईवाला असेल तर कुंदा ढवळू दे. त्याच्या जोडवाक्यांना बजेटमधला लेखकाचा वाटा द्या, गाण्यांइतकाच.

'तंबाखू' आषाढात पुन्हा करतोय. चिकोडी किंवा संकेश्वरात साठ-सत्तर माणसं मावतील अशी जागा कुणाच्या माहितीत असेल तर आत्ता खाली उतरले की मला सांगा. मध्ये खांब असले तरी चालतील, खुर्च्या मात्र हलणाऱ्या हव्यात.